कुणाशी खेळलात, तेही विचारा

आमच्या शेणव्याच्या पंचक्रोशीत खेळाचे दोन मोसम. पावसाळ्यात शाळांच्या कबड्डी-खोखोच्या स्पर्धा आणि भातकापणी आटोपली की मोकळ्या शेतांत गावोगावच्या टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा. किन्हवली, डोळखांब, सापगाव, पलीकडे मुरबाडच्या बाजूला सरळगाव, टोकावडे, जिथे सपाट जागा सापडेल तिथे मंडप, लाऊडस्पीकर आणि टेबलावर मांडलेले चषक. बहुतेक ठिकाणी पद्धत एकच: चिठ्ठ्या टाकायच्या, जोड्या लावायच्या, हरला तो घरी.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड.ला असताना खेळाचा जो काही तास व्हायचा, तेवढाच माझा त्या विषयाशी संबंध. पण लहान शाळेत प्रत्येकाला सगळंच करावं लागतं. माझं अक्षर बरं आहे म्हणून मला गुणलेखनाच्या टेबलावर बसवतात. चढाई, पकड, बोनस, लोण, सगळं मी लिहून घेते. आणि लिहिता लिहिता एक गोष्ट मला अनेक वर्षं टोचत आली आहे. ती आज लिहायची आहे.

एका स्पर्धेत मुलींचे सात संघ आले होते. आठवा संघ पावसामुळे पोहोचलाच नाही. त्यामुळे एका संघाला न खेळता पुढे चाल मिळाली. त्या संघाने उपांत्य फेरीत एक कच्चा संघ हरवला, अंतिम सामना हरला आणि उपविजेतेपदाचा चषक घेऊन गेला. म्हणजे जिंकलेला सामना एकच. आमच्या मुलींची गाठ पहिल्याच फेरीत पडली ती पुढे विजेत्या ठरलेल्या संघाशी. दोन गुणांनी हरल्या. त्या विजेत्या संघाला त्या दिवशी एवढी झुंज दुसऱ्या कुणीच दिली नाही. तरी कागदावर काय राहिलं? तो संघ 'दुसरा' आणि आमच्या मुली 'पहिल्या फेरीत बाद'.

यात कुणाची लबाडी नव्हती. चिठ्ठ्या सगळ्यांसमोर टाकल्या होत्या, पंच चोख होते. पण या शब्दांचे परिणाम असतात. आमच्या बऱ्याच मुली पाड्यांवरून येतात. सरावासाठी संध्याकाळी थांबायचं म्हणजे अंधारात घरी जायचं. 'पहिल्या फेरीत हरता, मग थांबता कशाला?' असा प्रश्न घरून आला की आम्हा शिक्षकांकडे उत्तर नसतं. क्लबची जाणकार माणसं बघायला येतात ती उपांत्य फेरीपासून. पहिल्या फेरीला टाळ्या वाजवायला आपणच.

उर्दूत 'मीजान' हा शब्द आहे. त्याचा एक अर्थ तराजू आणि दुसरा अर्थ हिशेबातली बेरीज. वर्गात शिकवताना मी दोन्ही अर्थ फळ्यावर लिहिते. खेळातल्या आपल्या क्रमवाऱ्या बहुधा दुसऱ्या अर्थाच्या मीजान असतात, नुसती बेरीज. किती जिंकले, किती गुण, किती गोल. पहिल्या अर्थाची मीजान, म्हणजे तराजू, व्हायची तर दुसऱ्या पारड्यात कोण होतं हे विचारावं लागतं. हा प्रश्न विचारणारं गणित जगात आहे, आणि ते आठवी-नववीच्या मुलींना समजेल इतकं साधं आहे.

बेरीज कशी फसवते याचं मोठं उदाहरण आपल्या हॉकीत आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने साखळीत यजमान इंडोनेशियाला १७-०, हाँगकाँगला २६-०, जपानला ८-०, कोरियाला ५-३ आणि श्रीलंकेला २०-० असं हरवलं. पाच सामन्यांत ७६ गोल! बेरीज पाहिली तर सुवर्णपदक आधीच गळ्यात घालायला हरकत नव्हती. पण उपांत्य फेरीत मलेशियाशी २-२ अशी बरोबरी झाली आणि शूटआऊटमध्ये भारत हरला. सुवर्ण कुणी नेलं? साखळीत ज्याला आपण आठ गोलांनी हरवलं होतं, त्या जपानने. आपल्याला पाकिस्तानला २-१ असं हरवून कांस्यपदक मिळालं.

आता हाँगकाँगवरच्या २६ गोलांनी आपल्याबद्दल काय सांगितलं? जवळजवळ काहीच नाही. भारत हाँगकाँगला हरवणार हे सामन्याआधीच सगळ्यांना माहीत होतं. जे माहीतच होतं ते घडलं, तर आपल्या ज्ञानात भर किती पडली? या एका प्रश्नातून ते सगळं गणित निघतं.

हे गणित जगभर नेलं ते अर्पाद एलो नावाच्या माणसाने. जन्म १९०३, हंगेरीतला. लहानपणी कुटुंबासोबत अमेरिकेत गेला, पुढे मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. बुद्धिबळाचा नाद होता. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने त्याची पद्धत १९६० मध्ये स्वीकारली आणि जागतिक संघटनेने १९७० मध्ये. आज आपली मुलं बुद्धिबळपटूचं 'रेटिंग' म्हणतात ते हेच. त्याच्या आधी १९२९ मध्ये झेर्मेलो या जर्मन गणितीने आणि १९५२ मध्ये ब्रॅडली आणि टेरी या दोघांनी, जोडीजोडीने झालेल्या तुलनांवरून सगळ्यांचा क्रम कसा लावायचा याचं गणित मांडलं होतं. मुळातली कल्पना एकच: प्रत्येक संघाच्या ताकदीला एक आकडा द्यायचा, आणि दोन आकड्यांतल्या फरकावरून कोण जिंकण्याची शक्यता किती ते काढायचं.

मी ते वहीत कसं करते ते सांगते. सुरुवातीला सगळ्या संघांना १५०० गुण. दोन संघांचे गुण सारखे असतील तर जिंकण्याची शक्यता निम्मी-निम्मी. शंभर गुणांचा फरक असेल तर वरच्या संघाची शक्यता शंभरात ६४. दोनशेचा असेल तर ७६. चारशेचा असेल तर ९१. हा तक्ता एकदा वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला की पुढचं काम त्रैराशिकाचं. एका सामन्याला जास्तीत जास्त ३२ गुण पणाला लावायचे. जितकी अपेक्षा होती त्यापेक्षा जितकं जास्त केलं, तितक्या प्रमाणात गुण मिळणार, आणि ते समोरच्याच्या खात्यातून वजा होणार.

म्हणजे १७०० गुणांचा संघ १५०० च्या संघाला हरवतो, तेव्हा त्याच्याकडून अपेक्षा ७६ टक्के होतीच. उरलेल्या २४ टक्क्यांचेच गुण त्याला मिळतात, म्हणजे साधारण ८. उलट १५०० वाल्याने बाजी मारली तर त्याला २४ गुण. आणि चारशेचा फरक असताना बलाढ्य संघ जिंकला, तर त्याच्या हातात जेमतेम ३ गुण. हाँगकाँगवर कितीही गोल करा, भाव तेवढाच.

आता वर सांगितलेल्या स्पर्धेकडे याच तराजूतून बघू. समजा विजेता संघ १७०० चा, आमच्या मुली आणि तो उपविजेता संघ दोघेही १५०० चे, आणि उपांत्य फेरीतला कच्चा संघ १३०० चा. उपविजेत्यांना पुढे चाल मिळाली त्याचे शून्य गुण, कारण न खेळता काहीच सिद्ध होत नाही. कच्च्या संघाला हरवल्याचे अधिक ८. अंतिम सामना हरल्याचे उणे ८. जिथे होते तिथेच. आमच्या मुलींचे उणे ८. बस. तराजूत दोघींमधलं अंतर आठ गुणांचं, आणि कागदावर मात्र एक दुसरी, एक शेवटची.

हे मी पहिल्यांदा आमच्या क्रीडाशिक्षकांना दाखवलं तेव्हा ते हसले. "मॅडम, हरलं ते हरलं. मैदानावर गणित कशाला आणता?"

त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. बाद फेरीचा नियम शेंबड्या पोरालाही कळतो. कुठलाही आकडेतज्ज्ञ लागत नाही, एका दिवसात निकाल लागतो, आणि आमच्याकडे तर पाऊस आणि शेवटची एसटी या दोघांच्या आधी सगळं उरकायचं असतं. पण मी त्यांना म्हटलं, सर, गुणतक्ता हेसुद्धा गणितच आहे. फक्त ते कुणीतरी आधी ठरवून ठेवलंय म्हणून आपल्याला दिसत नाही.

प्रो कबड्डीचंच घ्या. सुरुवातीच्या अनेक हंगामांत जिंकणाऱ्याला ५ गुण, बरोबरीला ३, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरणाऱ्यालाही १ गुण होता. म्हणजे 'झुंज देऊन हरणं' याची किंमत कुणीतरी ठरवली होती. आमच्या मुली दोन गुणांनी हरल्या, तिथे त्यांनाही तो एक गुण मिळाला असता! हॉकी इंडिया लीगने २०१६ च्या हंगामात नियम केला की मैदानी गोल हा दोन गोलांचा धरायचा. पेनल्टी कॉर्नरचा एकच. त्या वर्षीचे गोल आधीच्या वर्षीच्या गोलांशी कसे ताडणार?

अमेरिका-कॅनडातल्या बर्फावरच्या व्यावसायिक हॉकीत तर आणखी गंमत आहे. तिथल्या एनएचएल लीगमध्ये जिंकणाऱ्याला २ गुण, पण ठरलेल्या वेळेत बरोबरी होऊन जादा वेळेत किंवा शूटआऊटमध्ये हरलात तर १ गुण. म्हणजे काही सामन्यांत एकूण २ गुण वाटले जातात आणि काहींत ३. शिवाय प्रत्येक संघ प्रत्येकाशी सारखे सामने खेळत नाही, आपल्या विभागातल्यांशी जास्त खेळतो. विभाग कच्चा असेल तर तक्त्यात भराभर वर जाता येतं. म्हणून तिथे गुणतक्त्याशेजारी अशा रेटिंगच्या याद्या मांडणारे लोक आहेत. चषक त्या यादीवर दिला जात नाही. पण कोण खरोखर किती पाण्यात आहे हे कळायला ती यादी लागते.

आपल्या हॉकीच्या जागतिक संघटनेलाही हे पटलं. पूर्वी देशांची क्रमवारी मोठ्या स्पर्धांमध्ये कितवे आलात यावरून लागायची. १ जानेवारी २०२० पासून त्यांनी पद्धत बदलली. आता प्रत्येक आंतरराष्ट्रीय सामन्यात दोन देशांमध्ये गुणांची देवाणघेवाण होते. जेवढे एकाने कमावले तेवढेच दुसऱ्याने गमावले. वरच्याला हरवलं तर जास्त, खालच्याला हरवलं तर थोडे, आणि मोठ्या स्पर्धेतल्या सामन्याचं वजन अधिक. किती गोलांनी जिंकलात हे त्यात धरत नाहीत.

त्याच जानेवारीत भुवनेश्वरला भारताने नेदरलँड्सला ५-२ असं हरवलं, दुसऱ्या दिवशी ३-३ बरोबरीनंतर शूटआऊटमध्ये हरवलं. फेब्रुवारीत जगज्जेत्या बेल्जियमला २-१ ने हरवलं. आणि भारत जागतिक क्रमवारीत चौथ्या स्थानावर गेला. पुढे टोकियोत ऑस्ट्रेलियाने आपला ७-१ असा धुव्वा उडवला. त्या दिवशी अनेकांनी टीव्ही बंद केले असतील. पण तराजूच्या भाषेत तो एक सामना होता, बलाढ्य संघाकडून झालेली एक हार. त्यानंतर स्पेन, अर्जेंटिना, जपान, ब्रिटन असे एकेक संघ हरवत, उपांत्य फेरीत बेल्जियमकडून हरून, ५ ऑगस्ट २०२१ ला जर्मनीला ५-४ असं नमवून आपण कांस्यपदक घेतलं. एका वाईट दिवसावरून संघाला निकालात न काढणं, हा या पद्धतीचा मला सगळ्यात आवडलेला गुण.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती मला माझ्या अब्बांमुळे कळली. अब्बा हॉकीचे वेडे. रेडिओवरचं समालोचन ऐकत मोठे झालेले. १९७५ च्या विश्वचषकातला मलेशियाविरुद्धचा अस्लम शेर खान यांचा बरोबरीचा गोल, मॉस्कोला खेळलेले जफर इक्बाल, मोहम्मद शाहिद, ही नावं आमच्या घरात नातेवाइकांसारखी घेतली जायची. "आठ सोने के तमगे हैं हमारे पास," हे त्यांचं वाक्य ठरलेलं. १९२८ पासून १९८० पर्यंतचे आठ. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला भारत पात्रच ठरला नाही, तेव्हा अब्बा कितीतरी दिवस हॉकीबद्दल बोललेच नाहीत. त्यांच्या मनातल्या क्रमवारीत भारत अजून पहिला होता.

रेटिंगला आठवण असते, पण ती हळूहळू पुसट होते. पुढचा प्रत्येक सामना जुन्या आकड्यावर थोडा नवा रंग चढवतो. किती भराभर चढवायचा, हे पणाला लावलेले गुण ठरवतात. मी ३२ म्हटलं. ते १०० केले तर एका सामन्यात राजाचा रंक होईल. ५ केले तर अब्बांसारखं, आठ पदकं डोक्यातून जाणारच नाहीत. शिक्षकाला हा प्रश्न ओळखीचा असावा. मागच्या वर्षीच्या निकालावरून मुलाला 'ढ' ठरवायचं नाही, आणि एका घटक चाचणीत पहिला आला म्हणून त्याला डोक्यावरही घ्यायचं नाही. मधला आकडा शोधावा लागतो, आणि मोसम सुरू होण्याआधी सगळ्यांसमोर तो सांगून टाकावा लागतो. नंतर आपल्या सोयीने बदलला, की तराजूत अंगठा दाबल्यासारखंच.

आणि रेटिंग म्हणजे निकाल नाही, हेही मुलींना सांगावं लागतं. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये महिला विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धेला गेली तेव्हा तिचं मानांकन पंधरावं होतं. ती स्पर्धा जिंकून, अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला हरवून, ग्रँडमास्टर होऊन परत आली. शंभरात ७६ म्हणजे उरलेल्या २४ वेळा दुसरं घडणार, हे त्या आकड्यातच लिहिलेलं आहे. आकडा सांगतो त्यापेक्षा बरं खेळण्याची जागा नेहमीच मोकळी असते. नाहीतर खेळायचंच कशाला?

मग माझं म्हणणं काय? चषक रेटिंगवर द्या असं मी म्हणत नाही. चषक मैदानावर जिंकूनच घ्यावा. माझं म्हणणं जोड्या लावण्यापुरतं आहे. आठ संघ आहेत आणि चिठ्ठ्या टाकल्या. सगळ्यात चांगल्या संघाला एका जागी ठेवलं तर बाकी सात जागा उरतात. त्यातल्या तीन त्याच्याच अर्ध्या भागात. म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या चांगल्या संघाची, अंतिम फेरीच्या आधीच पहिल्याशी गाठ पडण्याची शक्यता सातात तीन, साधारण ४३ टक्के. पहिल्याच फेरीत गाठ पडण्याची शक्यता सातात एक. हे दुखणं जुनं आहे. 'ॲलिस इन वंडरलँड' लिहिणारा लुईस कॅरोल मूळचा गणिताचा शिक्षक. त्याने १८८३ मध्ये टेनिसच्या स्पर्धांबद्दल एक पुस्तिका काढून हाच अन्याय दाखवला होता की बाद फेरीत पहिलं बक्षीस योग्य माणसाला मिळेल, पण दुसरं बक्षीस कुणाला मिळतं हा बराचसा नशिबाचा भाग. ॲलिसच्या गोष्टी वर्गात सांगणाऱ्या मला त्याची ही बाजू फार उशिरा कळली.

मोसमभरातल्या मैत्रीपूर्ण सामन्यांची नोंद असेल, तर वरचे चार संघ चार वेगळ्या कोपऱ्यांत ठेवता येतात. बाकीच्यांसाठी चिठ्ठ्या. पुढे चाल द्यायचीच असेल तर ती कुणाला, हेही मग मोसमाच्या नोंदीवरून ठरेल, पावसावरून नाही. एवढ्या बदलाला ना पैसा लागतो ना संगणक. आमच्या नववीतल्या दोन मुली हे गणित आता माझ्यापेक्षा वेगाने करतात.

पण वहीत आकडे भरता भरता एक अडचण लक्षात आली, आणि मला वाटतं खरा मुद्दा तिथेच आहे.

शहापूरकडच्या शाळा शहापूरकडच्या शाळांशी खेळतात. मुरबाडकडच्या मुरबाडकडच्यांशी. मधला रस्ता फार लांब नाही, पण तालुके वेगळे, स्पर्धा वेगळ्या. आता दोन्हीकडच्या सगळ्यांना मी १५०० पासून सुरुवात करून दिली. वर्षअखेरीला इकडचा पहिला संघ १६५० वर, तिकडचा पहिलाही १६५० वर. दोघे सारखे का? मुळीच सांगता येत नाही. तिकडचे सगळेच संघ जबर असू शकतात, किंवा सगळेच कच्चे. ते आपापसांतच गुण फिरवत राहिले, त्यामुळे त्यांची सरासरी १५०० च राहणार. दोन विहिरींतल्या पाण्याची पातळी ताडायची तर मधे कुठेतरी नळी हवी. ही नळी म्हणजे दोन गटांमधले सामने. एकही सामना नसेल तर झेर्मेलोपासून एलोपर्यंत कुणाचंच गणित काही सांगू शकत नाही.

आणि त्याहून वाईट अवस्था आतल्या पाड्यांवरच्या, डोंगराकडच्या आश्रमशाळांची. त्यांना वर्षात एकच सामना मिळतो, तालुका स्पर्धेतला पहिल्या फेरीचा. जीपचं भाडं परवडत नाही, बरोबर जायला शिक्षिका मोकळी नसते. वहीत त्यांच्यापुढे १५०० लिहिलेलं असतं, आणि एका हारीनंतर १४८४. तो आकडा त्यांच्या खेळाबद्दल काहीच सांगत नाही. आपण त्यांना पाहिलंच नाही, एवढंच तो सांगतो. एखादी ठाकर किंवा कातकरी मुलगी डोंगरउतारावर धावून जो दम कमावते, तो त्या आकड्यात नाही. म्हणून आता मी वहीत प्रत्येक संघाच्या नावापुढे रेटिंगच्या शेजारी किती सामने खेळले तेही लिहिते. सामने पाचाच्या आत असतील तर आकड्याभोवती पेन्सिलने गोल काढते. पेन्सिलचा गोल म्हणजे, 'या संघाबद्दल अजून मत बनवू नका.'

मोठ्या देशांच्या हॉकीतही हेच आहे. वर्षभर बलाढ्य संघांशी खेळायला मिळणाऱ्या देशाला हरूनसुद्धा फारसं काही गमवावं लागत नाही, आणि एखादा विजय त्याला उचलून वर नेतो. ज्याला खेळायलाच बोलावत नाहीत, त्याचा आकडा आहे तिथेच गंजत राहतो. भारत २०१९ च्या पहिल्या प्रो लीगमध्ये नव्हता. २०२० मध्ये उतरला आणि नेदरलँड्स, बेल्जियम आपल्या दारात येऊन खेळले, म्हणून तर ते चौथं स्थान दिसलं. त्याच तोडीचा एखादा संघ बाहेर बसला असता तर कुणाला कळलं असतं?

हे सगळं मी आमच्या क्रीडाशिक्षकांना पुन्हा सांगितलं. या वेळी ते हसले नाहीत. थोडा वेळ वही चाळत बसले आणि म्हणाले, "म्हणजे मॅडम, तुमच्या गणिताला शेवटी जीपच लागते."

अगदी तेच. तराजू कितीही चांगला असू दे, पारड्यात काही ठेवल्याशिवाय तो बोलत नाही. त्यामुळे आम्ही दोघांनी मिळून एक कागद तयार केला आहे. तालुका स्पर्धेच्या आधी प्रत्येक शाळेने निदान पाच सामने खेळायचे. त्यातला एक तरी डोंगराकडच्या आश्रमशाळेशी, आणि तिच्याच मैदानावर, म्हणजे भाड्याचा बोजा तिच्यावर पडणार नाही. दोन सामने मुरबाडच्या बाजूच्या शाळांशी. प्रत्येक सामन्याचा निकाल दोन्हीकडच्या शिक्षकांच्या सहीने एकाच वहीत. गुण कसे मोजणार ते त्या वहीच्या पहिल्या पानावर, मराठीत, सगळ्यांना वाचता येईल असं. ज्याला शंका असेल त्याने स्वतः त्रैराशिक मांडून बघावं.

जीपच्या भाड्यासाठी दोन माजी विद्यार्थ्यांनी हात पुढे केला आहे. सहा शाळांनी हो म्हटलं आहे. मुरबाडकडच्या दोन शाळांचा निरोप यायचा आहे, आणि आश्रमशाळेच्या मैदानावर चुना मारायला कोण जाणार, हे शनिवारच्या बैठकीत ठरेल.